शेजारच्या खोलींतून आलेलीं पत्रें

आपल्या घरीं पत्र येतें तें दूर असलेल्या माणसाचें. मुलगा शिकावयास परगांवीं गेला, मुलगी सासरीं गेली, कर्त्या पुरुषाची बदली झाली, म्हणजे मग साऱ्या घराचे डोळे टपालवाल्याच्या वाटेकडे लागतात. १९२८ सालच्या उन्हाळ्यांत पंडित जवाहरलाल नेहरूंनीं आपल्या दहा वर्षांच्या कन्येस जीं पत्रें लिहिलीं, तीं देखील पिता अलाहाबादेस आणि कन्या मसुरीस होती म्हणूनच लिहिलीं गेलीं. परंतु एकाच छपराखालीं राहणाऱ्या, सकाळसंध्याकाळ आपल्याच पंक्तीस जेवणाऱ्या मुलांस बापानें पत्रें लिहावीं, तींहि दुसऱ्याच्या नांवानें व दुसऱ्याच्या हस्ताक्षरांत, आणि हा उद्योग वीसांहून अधिक वर्षें चालवावा, हा प्रकार आम्हांस तरी नवीन होता. नाताळ जवळ आला आहे; तेव्हां या महिन्यांत त्या पत्रांचीच हकीकत वाचकांपुढें ठेवतों.

पत्रलेखकाचें नांव जे. आर. आर. टॉल्किन. ‘द हॉबिट’ (१९३७) आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या ग्रंथांमुळें घरांतल्या तरुण मंडळींस तें ठाऊक असेल. पण या गृहस्थांचा पोटापाण्याचा व्यवसाय कादंबरीकाराचा नव्हे, प्राध्यापकाचा. आधीं लीड्स येथें व १९२५ पासून ऑक्सफर्ड येथें ते जुन्या इंग्रजी भाषेचें अध्यापन करीत. जॉन, मायकेल व ख्रिस्तोफर हे तीन मुलगे आणि १९२९ सालीं जन्मलेली प्रिसिला ही शेंडेफळ कन्या, असा त्यांचा संसार. प्राध्यापक झाले तरी पगार पुरत नसे; म्हणून उन्हाळ्याच्या सुटींत हे पंडित शालेय परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे तपाशीत बसत आणि चार पैसे अधिक मिळवीत. आपल्याकडील शिक्षकांच्या घरांत हें दृश्य अपरिचित नाहीं. स्वतःचें म्हणून जें लेखन, तें रात्रीं, सारें घर निजल्यावर.

पहिलें पत्र १९२० सालच्या २२ डिसेंबरचें. त्या वर्षीं शरद् ऋतूंत टॉल्किन लीड्स येथें नोकरीस लागले होते; घरांत मायकेल तान्हा असल्यामुळें पत्नी एडिथ मुलांसह ऑक्सफर्डलाच राहिल्या होत्या. आठवडाभर बाप तिकडे आणि सुटीच्या दिवशीं घरीं, असा तो काळ. थोरला जॉन तेव्हां तीन वर्षांचा. फादर ख्रिसमस, म्हणजे लाल अंगरखा घातलेला, पांढऱ्या दाढीचा नाताळबाबा, नाताळच्या आदल्या रात्रीं येऊन मुलांनीं टांगलेल्या पायमोज्यांत खाऊ-खेळणीं ठेवून जातो अशी तिकडे समजूत आहे. जॉननें बापास विचारलें कीं, हा बाबा दिसतो कसा आणि राहतो कोठें? बापानें तोंडीं उत्तर दिलें नाहीं. कांहीं दिवसांनीं खुद्द नाताळबाबाचेंच पत्र आलें. तुझा प्रश्न माझ्या कानीं आला, म्हणून माझें व माझ्या घराचें चित्र काढून पाठवीत आहें, तें नीट जपून ठेव, येथें हिम फार पडत आहे, पण मी निघालोंच, असा त्याचा आशय. मजकूर चार ओळींचा. चित्रांत पाठीवर पोतें घेऊन बर्फांतून चाललेला म्हातारा आणि त्याचें घर.

येथवर पाहिलें तर एखाद्या हौशी बापाचें एका सणापुरतें कौतुक, इतकेंच म्हणतां आलें असतें. पण टॉल्किन यांस अर्धवट काम करतां येत नसे. नाताळबाबाचें वय एकोणीसशें वर्षांच्या वर, आणि मुक्काम उत्तर ध्रुवावर. तेव्हां त्याचें अक्षर कांपरें असलें पाहिजे. म्हणून दरवर्षीं तें कांपऱ्या हातानेंच लिहिलें जाई, आणि एक दोन ओळी नव्हे, तर पानेंच्या पानें. बाबाचा मदतनीस एक ध्रुवावरचें पांढरें अस्वल. त्याचा पंजा जाड, म्हणून त्याचें अक्षर ठसठशीत, कोनाकोनांचें. शुद्धलेखन मात्र भयंकर. कारण इंग्रजी ही कांहीं त्याची मायबोली नव्हे! पुढें कांहीं वर्षांनीं इल्बेरेथ नांवाचा एक एल्फ, म्हणजे यक्षकुळींतला कारकून, बाबाचा चिटणीस म्हणून आला. त्याचें अक्षर बारीक व वळणदार. तीन माणसांचीं (कीं प्राण्यांचीं म्हणावें?) तीन अक्षरें एकाच कागदावर. बाबा गंभीरपणें हकीकत सांगतो आहे, समासांत अस्वल आपली टवाळ टीका खरडतें आहे, आणि चिटणीस दोघांच्याहि चुका दाखवितो आहे, असा हा कारभार.

लिफाफ्यावरील तिकिटेंहि हातानें रंगविलेलीं, उत्तर ध्रुवाच्या टपालखात्याचीं. त्यांतल्या एका तिकिटाची किंमत दोन पापे! पत्र कधीं नाताळच्या सकाळीं घरांतच सांपडे, लिफाफ्यावर हिमाची भुकटी शिंपडलेली. कधीं तें चक्क टपालवाला इतर पत्रांबरोबर आणून देई. त्या भल्या माणसास कटांत सामील करून घेतलें होतें. मुलें नाताळबाबास जीं पत्रें लिहीत, तीं शेकोटीजवळ ठेवलेलीं असत आणि कोणी जवळपास नसतांना तेथून नाहींशीं होत.

आतां त्या अस्वलाविषयीं सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. कारण सर्व पत्रांचा प्राण तेंच. १९२५ सालच्या पत्रांत बाबाची टोपी वाऱ्यानें उडून ध्रुवाच्या खांबाच्या टोंकास अडकली. उत्तर ध्रुव हा खराखुरा खांब आहे, हें वाचकांनीं गृहीत धरावें. अस्वल, नको नको म्हणत असतांना, वर चढलें. खांब मध्येंच मोडला. तो बाबाच्या घरावर पडला आणि छप्पर फोडून अस्वल टोपीसकट जेवणाच्या खोलींत आलें. छपरावरचें बर्फ वितळून चुली विझल्या, तळघरांतल्या भेटवस्तू भिजल्या, अस्वलाचा पाय मोडला, आणि बाबास नवें घर बांधून बिऱ्हाड हलवावें लागलें. १९२६ सालीं त्याच अस्वलानें उत्तरेकडच्या आकाशांत चमकणाऱ्या रंगीत प्रकाशाचा नळ सोडला आणि दोन वर्षांच्या पुरवठ्याचें दारूकाम एका क्षणांत उडवून दिलें. तारे जागचे हलले, चंद्राचे चार तुकडे झाले आणि चंद्रावरचा म्हातारा बाबाच्या परसांत येऊन पडला. १९२८ सालीं तें हातांत मावणार नाहींत इतकीं पुडकीं घेऊन जिन्यावरून कोसळलें. १९३६ सालीं नळ चालूच ठेवून तें आंघोळीच्या टबांत झोंपीं गेलें आणि खालच्या खोलींत बांधून ठेवलेल्या भेटींवर पाण्याची धार लागली.

प्रत्येक प्रसंगाचें रंगीत चित्र. जिन्यावरून पडलेलें अस्वल, भोंवतीं विखुरलेलीं खेळणीं. आणि त्या चित्रावर आपण असे दिसलों नव्हतों अशी अस्वलाची तक्रार.

या सर्व अपघातांत एक संसारी चातुर्य आहे, तें गृहिणींच्या ध्यानांत आलेंच असेल. भेटी दरवर्षीं मागितल्या तितक्या येत नसत. एखादी मोडकी येई, एखादी उशिरां येई, एखादी मुळींच येत नसे. बापाची कमाई बेताची, मुलें चार. ‘यंदां जमलें नाहीं’ हें वाक्य बापाच्या तोंडून मुलांनीं ऐकण्यापेक्षां अस्वलाचा पाय घसरला हें ऐकणें दोघांसहि सोपें.

हीं पत्रें आम्ही रात्रीं जेवणानंतर घरच्या मंडळींस मराठींत करून सांगत होतों. मुलें तर हंसून हंसून लोळलीं. पण आमच्या थोरल्या वहिनींनीं तांदूळ निवडतां निवडतां हात थांबविला आणि म्हणाल्या, “भावोजी, सारें गोड आहे खरें, पण हें खोटें नव्हे का? पोरांना एक ना एक दिवस कळणारच. मग बापाच्या बाकीच्या शब्दांवर त्यांनीं विश्वास कां ठेवावा?”

प्रश्न हंसण्यावारीं नेण्याजोगा नव्हता. आम्ही त्या रात्रीं उत्तर दिलें नाहीं; पुस्तक पुन्हां आरंभापासून, या दृष्टीनें वाचून काढलें.

एक गोष्ट ध्यानांत आली ती अशी कीं, नाताळबाबा जगाविषयीं खोटें बोलत नाहीं. १९३० नंतरच्या मंदीच्या वर्षांत तो मुलांस कळवितो कीं, यंदां भेटी कमी वाटल्या तर जगांत किती लोक भुकेले व निर्धन आहेत हें आठवा. १९३९ सालीं महायुद्ध सुरू झालें. १९४० च्या जानेवारींत इंग्लंडांत अन्नधान्याचें नियंत्रण आलें. घराघरांतले तरुण लष्करांत गेले. टॉल्किन यांचा दुसरा मुलगा मायकेल विमानवेधी तोफांवर होता. बाबाच्या पत्रांतहि तें युद्ध येतें. साठा आटत चालला आहे, माणसें घरेंदारें सोडून गेलीं आहेत, कोणाचा पत्ता कोठें शोधावा कळत नाहीं, असें तो म्हातारा सांगतो. त्याच्या स्वतःच्या राज्यावर गॉब्लिन नांवाच्या दुष्ट बुटक्यांचे हल्ले होतातच. ते पूर्वींहि, १९३२-३३ सालीं, डोंगराखालच्या गुहांतून येऊन तळघरांतलीं खेळणीं चोरून गेले होते, आणि त्या गुहांच्या भिंतींवरचीं प्राचीन चित्रें बाबानें मुलांसाठीं उतरवूनहि पाठविलीं होतीं. १९४० सालीं दक्षिण ध्रुवावरून पेंग्विन पक्षी पोहत पोहत मदतीस आले! दहाबारा वर्षांच्या मुलीस युद्धाच्या दिवसांत सांगावयाची याहून चांगली वार्ता आम्हांस सुचत नाहीं. भीति नाहींशी केलेली नाहीं. तिच्या शेजारीं पेंग्विन आणून बसविले आहेत.

दुसरी गोष्ट पत्रांच्या मायन्याची. १९२० सालीं पत्र जॉनच्या नांवचें. मग मायन्यांत मायकेलचें नांव येतें, मग ख्रिस्तोफरचें, मग प्रिसिलाचें. चार नांवें कांहीं काळ एकत्र राहतात. आणि मग एकेक नांव गळूं लागतें. आधीं जॉन, मग मायकेल, मग ख्रिस्तोफर. आतां ते मोजा टांगीत नाहींत, हें बाबास कळलेलें असतें, आणि तो त्याबद्दल कुरकुर करीत नाहीं. त्यांना आठवण सांगतो, त्यांचें कुशल विचारतो, आणि जो अजून मोजा टांगणार आहे त्यास पत्र लिहितो. म्हणजे थोरल्यास कळलें म्हणून धाकट्याचा खेळ मोडला नाहीं. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यास हें समजावून सांगावें लागूं नये. ज्यास गुपित कळलें तो आपोआपच तें राखणारांपैकीं होतो. घरांत मोठें होणें तें हेंच.

१९४३ सालीं मायन्यांत एकच नांव उरलें. प्रिसिला तेव्हां चौदा वर्षांची होती. चौदा वर्षांच्या, पुस्तकांत वाढलेल्या, युद्ध पाहिलेल्या मुलीस पत्र कोण लिहितो हें ठाऊक नव्हतें असें मानावयास आम्ही तयार नाहीं. तिला ठाऊक आहे हें बापासहि ठाऊक असणार. तरी त्यानें कांपऱ्या अक्षरांत पत्र लिहिलें आणि तिनें तें घेतलें. हा निरोप आहे, असें त्या पत्रांत बाबा मोकळेपणीं सांगतो. जुन्या स्नेह्यांस मी विसरत नाहीं, त्यांचीं पत्रें जपून ठेवतों, आणि तीं मुलें मोठीं होऊन त्यांचीं स्वतःचीं घरें व मुलें झालीं म्हणजे पुन्हां येईन अशी आशा बाळगतों, असा त्याचा भाव. येथें फसविणारा कोण आणि फसलेला कोण? वहिनींस आम्ही एवढेंच विचारलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत; पण तांदळाचें ताट बाजूस सारून ऐकूं लागल्या, त्यावरून पुढचें सांगावयास हरकत नाहीं असें समजलों.

पुढचें, खरें म्हणजे मागचें. टॉल्किन यांचा जन्म १८९२ सालचा, दक्षिण आफ्रिकेंतल्या ब्लूमफाँटेन गांवीं. वडील तेथें बँकेंत होते. तेथील हवा मुलास मानवेना, म्हणून १८९५ सालीं आई दोन्ही मुलांस घेऊन इंग्लंडांत आली; वडील मागून यावयाचे होते. ते आजारी पडले. १८९६ च्या फेब्रुवारींत, चार वर्षांच्या या मुलानें बाबांस पत्र लिहावयाचें ठरविलें. त्यास लिहितां येत नव्हतें म्हणून दाईस मजकूर सांगून लिहविलें. आपण आतां परत येऊन तुम्हांस भेटणार याचा त्यास किती आनंद झाला आहे, असें त्यांत होतें. तें पत्र टपालांत पडलेंच नाहीं. वडिलांची प्रकृति अत्यवस्थ असल्याची तार आली आणि दुसऱ्याच दिवशीं ते वारले.

मग मुलांचें शिक्षण आईनेंच घरीं केलें. तिचें अक्षर मोठें डौलदार होतें, आणि सुंदर अक्षराचा नाद मुलास लागला तो तिच्यामुळें. मुलगा बारा वर्षांचा असतांना, १९०४ सालीं, तीहि गेली.

या दोन गोष्टींवरून त्या नाताळच्या पत्रांचा उगम अमुक ठिकाणीं आहे असें ठासून सांगण्याचा मोह आम्ही आवरतों; माणसाच्या मनाचे धागे इतके सरळ नसतात, आणि असले निष्कर्ष काढणारे टीकाकार आम्हांस फारसे आवडत नाहींत. पण बापास लिहिलेलें पत्र ज्याच्या हातीं तसेंच राहून गेलें, आणि सुंदर अक्षर ज्यास वारशांत मिळालें, तो माणूस उत्तरपत्रिकांचा ढीग बाजूस सारून, थंडीच्या रात्रीं, मुद्दाम वाईट अक्षर काढीत बसला आहे, हें चित्र डोळ्यांपुढून हलत नाहीं, हेंहि खरें.

१९४३ नंतर बाबाचीं पत्रें थांबलीं. बापाचीं थांबलीं नाहींत. ख्रिस्तोफर वायुदलांत गेला होता आणि १९४४ च्या आरंभीं विमानविद्या शिकण्यासाठीं त्याची रवानगी झाली ती दक्षिण आफ्रिकेंत. तेथें तो कांहीं काळ क्रून्स्टाट येथें होता, म्हणजे ब्लूमफाँटेन ज्या प्रांतांत आहे त्याच प्रांतांत. टॉल्किन त्यास वारंवार लिहूं लागले, स्वतःच्या नांवानें, स्वतःच्या अक्षरांत. आणि पत्रांबरोबर ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चीं नवीं प्रकरणें, जसजशीं लिहून होतील तसतशीं, पाठवूं लागले. पूर्वीं मोज्यांत जें पडत असे तें आतां समुद्रापार जाऊं लागलें. हींहि पत्रें पुढें प्रसिद्ध झालीं आहेत. तीं ज्यास मिळतील त्यानें अवश्य वाचावीं, विशेषतः ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांनीं.

नाताळबाबाच्या पत्रांचें पुस्तक १९७६ सालीं, टॉल्किन यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनीं, निघालें. त्याचें संपादन ख्रिस्तोफरच्या पत्नीनें, म्हणजे घरच्या सुनेनें केलें. पुढें अधिक पत्रें घालून मोठ्या आवृत्त्या निघाल्या. पुस्तक घ्यावयाचें असल्यास चित्रें रंगीत व पत्रें मूळ हस्ताक्षरांत छापलेली मोठी आवृत्तीच घ्यावी. नुसत्या मजकुराची घेण्यांत अर्थ नाहीं. अस्वलाचें अक्षर पाहिल्यावांचून अस्वल कळत नाहीं.

हें सर्व सांगून झाल्यावर मुलें निजावयास गेलीं. वहिनी ताट उचलून आंत जातां जातां दारांत थांबल्या आणि म्हणाल्या, “आणि तें पहिलें चित्र? जपून ठेव म्हणाला होता, तें?”

तें जपलें गेलें. मोठ्या आवृत्तीच्या आरंभींच तें आहे. मूळ कागद आतां ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाच्या संग्रहांत आहेत, आणि २०१८ सालीं तेथें टॉल्किन यांच्या कागदपत्रांचें मोठें प्रदर्शन भरलें होतें, त्यांत नाताळबाबाचीं पत्रेंहि मांडलीं होतीं. आम्ही पुस्तक उघडून वहिनींस तें पान दाखविलें. त्यांनीं कंदिलासारख्या दिव्यांनीं उजळलेलें तें बर्फांतलें घर बराच वेळ पाहिलें. आणि मुलांच्या खोलींतला दिवा अजून कां जळतो आहे, हें पाहण्यास गेल्या.